डीबीतले खटके

(गिरगाव. चाळीचा जिना, जिन्याखाली मीटरांची रांग.)

मीटरपासून दोन वायरी वर खोलीत चढतात, फेज आणि न्यूट्रल. पूर्वी त्या दारावरच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये यायच्या. फ्यूज उडाला की हाताला लागेल ती तार गुंडाळायची. तार जाड असली तर फ्यूज पुन्हा उडायचाच नाही. मग भिंतीतली वायर जळायची.

(खोलीतली डीबी. झाकण उघडतं.)

आता फ्यूजच्या जागी हा पांढरा डबा आहे, डीबी म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड. आतले खटके दिसायला भाऊ-भाऊ, कामं मात्र वेगळी.

पहिला दोन पोलचा आयसोलेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. शॉर्ट झालं तरी तो आपणहून पडत नाही, हातानेच पाडायचा. पाडल्यावरही त्याच्या मीटरकडच्या टर्मिनलवर सप्लाय चालूच असतो, तिथे बोट नको.

शेजारी टेस्टचं बटन असलेली आरसीसीबी, करंटची गळती पकडणारा खटका. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, एवढंच ती बघते. 30 मिलिॲम्पिअरची गळती झाली की 0.3 सेकंदाच्या आत पडते. ओव्हरलोड मात्र तिला कळत नाही. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलेला माणूस तिच्या लेखी निव्वळ बल्ब. ती पडणार नाही.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि हीच सारखी पडू लागते. तेव्हा सगळ्या एमसीबी, म्हणजे एकेका लाइनीचे, करंट जास्त झाला की पडणारे छोटे खटके, खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडेल, त्या लाइनीत ओल. एकही एमसीबी वर नसताना पडली, तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलीय: एका पोलची एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. आरसीसीबी काढून वायर थेट जोडणारे कारागीरही भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावं.

उरल्या एमसीबी. दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 6 किंवा 10 ॲम्पिअर. एसीला 4 ची वायर, 20 ॲम्पिअर. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जेमतेम पावणेनऊ ॲम्पिअर ओढतो. त्याच्या 2.5 च्या वायरीवर 16 ची एमसीबी पडते म्हणून कुणी 32 ची बसवली, तर ती फ्यूजमधली जाड तारच झाली.

(न्यूट्रल पट्टीचा क्लोजअप.)

हा काळवंडलेला स्क्रू बघा. वायर भोकात मावेना म्हणून तिच्या काही तारा कापल्यात, वरचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलंय. सैल सांधा तापतो, पण करंट वाढत नाही. म्हणून एमसीबी गप्प, आरसीसीबीही गप्प. आयसोलेटर पाडा, टेस्टरने खात्री करा, जळकं टोक कापा, लग (टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिंप करा, स्क्रू आवळा. मग वायर ओढून बघा. हलली, तर पुन्हा आवळा.