गोव्याचा समुद्र, नव्वद किलोमीटर सायकल आणि मग हाफ मॅरेथॉन

हे जे समोर दिसतंय ते पणजीचं मिरामार बीच, आणि वाळूवर टोप्या-गॉगल घालून जी रांग लागलीये ना, त्यात बहुतेक सगळी नोकरी-धंदा सांभाळणारी माणसं आहेत. डॉक्टर, पोलीस, आयटीवाले, दुकानदार, आणि त्यातच मी, कोल्हापूरजवळच्या एका गावात शाळेत शिकवणारी बाई. आयर्नमॅन ७०.३ ही रेस इथं २०१९ ला पहिल्यांदा झाली, मधे कोरोनामुळं बंद पडली आणि २०२२ ला परत सुरू झाली. ७०.३ हा आकडा तिन्ही मिळून होणाऱ्या मैलांचा आहे, आपल्या हिशोबानं १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल स्टँडला लावून २१.१ किलोमीटर पळायचं. हे सगळं एका दमात, कपडे-बूट बदलतानासुद्धा घड्याळ चालूच. नव्वद म्हणजे आमच्याकडं सांगायचं तर कोल्हापुरातनं सांगलीला जाऊन परत येणं, जवळपास तेवढंच.

वेळ मिळतो साडेआठ तास. ऐकायला बक्कळ वाटतो, पण मधे मधे कटऑफ आहेत. पाण्यातनं १ तास १० मिनिटांत बाहेर यायचं, आणि पोहणं-सायकल मिळून साडेपाच तासांत आटपायचं, नाहीतर तिथंच थांबवतात, मग पायात कितीही दम असू दे. जिंकणारे पुढं कुठंतरी असतात, आम्ही त्यांना बघतही नाही, आमची झुंज या कटऑफशी. आणि त्यासाठी सगळ्यात अवघड काय असेल तर जोर लावणं नाही, जोर राखून ठेवणं. पहिले पाच-सहा तास अंगात जीव असताना हात आखडता घ्यायचा, हे मला या खेळानं शिकवलं आणि या व्हिडिओत मला तेच दाखवायचंय.

थोडं मागचं सांगते. आयर्नमॅनची सुरुवात १९७८ ची, हवाईच्या ओआहू बेटावरची. जॉन कॉलिन्स म्हणून अमेरिकन नौदलातले अधिकारी आणि त्यांची बायको ज्युडी, दोघं स्वतः खेळणारे. वाद असा चालला होता की सगळ्यात फिट कोण, पोहणारा, सायकलवाला का पळणारा. मग बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा त्यांनी एकाला एक जोडल्या, ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर आख्खी मॅरेथॉन. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरी केली, पहिला आला गॉर्डन हॅलर, पावणेबारा तासांच्या थोडं वर. त्या पंधरांत बाई एकही नव्हती, पण पुढच्याच वर्षी लिन लेमेअर उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली! हे मी आमच्या सातवीच्या मुलींना सांगितलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या होत्या. आपल्याकडं मात्र आयर्नमॅन हा शब्द घराघरात गेला तो २०१५ ला, अभिनेते-मॉडेल मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची फुल आयर्नमॅन केली तेव्हा. आता कोल्हापूर, नाशिक, पुण्यात दरवर्षी नवीन नावं ऐकू येतात.

आता पाण्याबद्दल बोलू, कारण बहुतेकांची भीती तिथंच असते. मी पोहायला शिकले विहिरीत, पाठीला डबा बांधून, आमच्याकडं सगळी तशीच शिकतात, काका वरनं ढकलून द्यायचा आणि विषय संपला. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे बुडायचं नाही एवढंच. सलग दोन किलोमीटर जायचं तर श्वासाची लय लागते, ती टँकवर बसवली, मग राजाराम तलावात लांब पोहायला लागले. तलावात टँकसारखी तळाला काळी रेघ नसते, त्यामुळं सहा-सात स्ट्रोक झाले की डोळे पाण्याच्या जरा वर काढून समोरचं झाड बघायचं, त्याला सायटिंग म्हणतात. नाही बघितलं तर माणूस वाकडा जातो आणि १.९ चे २.२ किलोमीटर कधी होतात कळत नाही.

समुद्राची गोष्ट अजून वेगळी. आमची घाटावरच्या लोकांची अडचण अशी की जून ते सप्टेंबर समुद्रात उतरता येत नाही आणि रेस असते ऑक्टोबर-नोव्हेंबरला. म्हणजे खारं पाणी, लाट, पायाखालनं सरकणारी वाळू याची सवय करायला हातात आठवडे थोडे, त्यातच सहामाही परीक्षा आणि पेपर तपासणं. आम्ही काही जण गगनबावड्यावरनं गाडी काढून मालवणला जायचो, चिवला बीचवर पहाटे उतरायचो आणि दुपारी परत. तिथं पहिल्यांदा लाटेचं पाणी नाकातोंडात गेलं तेव्हा लक्षात आलं की श्वास एकाच बाजूला घ्यायची सवय असून चालत नाही, लाट ज्या बाजूनं येते त्याच्या उलट बाजूला तोंड काढता आलं पाहिजे.

युरोपात पाणी गार असतं म्हणून वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घालतात आणि तो माणसाला वर उचलून धरतो. नियम असा आहे की हौशी स्पर्धकांसाठी पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की वेटसूट चालत नाही. आपला समुद्र तर कोमटच, त्यामुळं गोव्यात सगळं स्वतःच्या हातापायांवर. खाऱ्या पाण्यानं जरा उचल मिळते तेवढीच. मात्र एक नियम सगळ्या नवीन लोकांनी डोक्यात ठेवावा, दम लागला तर कयाकवाल्याला, म्हणजे मदतीला छोटी होडी घेऊन फिरणाऱ्याला हाक मारायची आणि त्याचा कयाक धरून थांबायचं, त्याला परवानगी आहे, फक्त त्यावर पुढं सरकायचं नाही. मी धरला नाही, पण धरता येतो हे माहीत असल्यामुळंच छाती धडधडायची थांबली. मानेला व्हॅसलिन लावून जा, खाऱ्या पाण्यात ट्रायसूटची, म्हणजे रेसच्या घट्ट कपड्याची कड मान सोलून काढते.

बाहेर आलं की ट्रान्झिशन, म्हणजे कपडे-बूट बदलून सायकल घ्यायची जागा. हेल्मेटचा बेल्ट लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आणि सायकलवर पुढच्याच्या मागं चिकटून वारा वाचवायचा नाही, पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर पाहिजे, नाहीतर पेनल्टी. म्हणजे नव्वद किलोमीटर वाऱ्याशी तुम्ही एकटे. इथंच राखून ठेवायची खरी परीक्षा असते बघा, कारण पाण्यातनं सुटल्याचा आनंद, रस्ता मोकळा, बाजूनं भारी भारी सायकली सुसाट जातायत आणि पाय म्हणतात चल. जोतिबाचा चढ चढून तयार झालेले पाय आहेत, त्यांना आवरायचं म्हणजे सोपं नाही. मी नाडीचे ठोके बघत बसले, एका आकड्याच्या वर गेले की गिअर हलका.

आणि खाणं. सायकलवर खाल्लं नाही तर पळताना काहीच उरत नाही, कारण पळताना पोट घेत नाही. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्ब्स आणि वर मीठ. माझ्याकडं होत्या मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, राजगिऱ्याचे लाडू आणि बाटलीत गूळ-मीठ-लिंबाचं पाणी, लाडू सासूबाईंनी बरोबर एका घासाचे वळून दिले होते, एका हातानं काढून तोंडात टाकता येतील असे. पाकिटातली गोड एनर्जी जेल पण घेतली, पण तिसऱ्या तासाला गोड नको वाटतं तेव्हा तो खारा बटाटा काय लागतो म्हणून सांगू!

सायकलवरनं उतरून पळायला लागलं की पहिले दोन किलोमीटर पाय आपले नसतातच, लाकडाचे बसवल्यासारखे पडतात. त्यासाठीच ब्रिक सेशन करतात, लांब सायकल झाली की लगेच थोडं पळायचं. पण गोव्यातलं ऊन ब्रिकमध्ये मिळत नाही. ऊन म्हणण्यापेक्षा दमटपणा. हवेत आधीच एवढी वाफ की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, आतली उष्णता चढतच राहते. म्हणून प्रत्येक एड स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या पाणी-बर्फाच्या स्टॉलला, पळणं थांबवून चालायचं, टोपीत बर्फ भरायचा, स्पंज मानेवर पिळायचा, दोन घोट प्यायचे आणि मग पळायचं.

आमचे हे रस्त्याच्या कडेला गार पाण्याची बाटली घेऊन उभे होते. देता येत नाही, बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर स्पर्धक बाद होऊ शकतो. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी पुढनं गेले तेव्हा बाटली त्यांनी पाठीमागं धरली आणि नुसतं ओरडले, "अगं वेळ आहे अजून, सावकाश!" इतक्या सकाळी उठून एवढ्या उन्हात उभा असलेला माणूस बायकोला जोरात पळ म्हणत नाही, सावकाश म्हणतो, कारण घरात महिनोन् महिने तेच बोलणं झालेलं. मला त्या क्षणी भरून आलं.

चौदाव्या किलोमीटरच्या आसपास डावी पोटरी आखडली. थांबले, टाच दाबून पोटरी ताणली, मिठाची गोळी घेतली आणि चालायला लागले. आजूबाजूला कितीतरी जण चालत होते, त्यात सायकलवर माझ्या पुढनं सुसाट गेलेलेही दिसले. एकमेकांना "चला मॅडम", "चलो भाई" म्हणत सगळेच पुढं. १९८२ साली हवाईत ज्युली मॉस शेवटच्या टप्प्यात बायकांत पुढं असताना कोसळली आणि रांगत रांगत फिनिशला पोचली, २९ सेकंदांनी पहिला नंबर गेला. लोक तिच्या जिद्दीची गोष्ट सांगतात आणि ती सांगायलाच पाहिजे. पण मला त्यात अंगातलं मीठ-पाणी-साखर संपल्यावर शरीराचं काय होतं हेही दिसतं. शेवटचे चार किलोमीटर मी पळू शकले ते बटाट्यांच्या आणि त्या हलक्या गिअरच्या जोरावर. साडेआठच्या आत पोचले, गळ्यात मेडल पडलं, लेकीनं हार घालायचा आणलेला तो आधी स्वतःच घालून बसली होती.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. सगळे पहिल्यांदा सायकलीच्या दुकानात जातात, लाखाची सायकल घेतात. आधी पाण्यात उतरा. सायकल-पळणं काही महिन्यांत वाढवता येतं, पोहण्याची लय बसायला फार वेळ जातो आणि पहिला कटऑफ पाण्याचाच आहे. तलावात एकटं कधीच जायचं नाही, कमरेला टो बॉय, म्हणजे मागं तरंगत येणारा रंगीत फुगा बांधायचा, तो लांबनं दिसतो. आणि पहिलीच रेस ७०.३ कशाला, याच तीन खेळांची छोटी स्प्रिंट ट्रायथलॉन असते की, ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं, ती घरातल्या साध्या गिअरच्या सायकलवरसुद्धा होते. आमच्या शाळेतल्या दोन मॅडम आता टँकवर येतायत, एकीला अजून तोंड पाण्यात घालायची भीती वाटते, तरी रोज येते.