इरावती : नाव एक, नद्या दोन

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका नावाविषयी बोलायचं आहे. नाव मुलीचं, जुनं, चार अक्षरांचं आणि तरीही हजेरीपटावर क्वचितच सापडणारं : इरावती.

हे नाव ऐकलं की बहुतेक मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे एकच व्यक्ती उभी राहते. इरावती कर्वे, डेक्कन कॉलेजच्या मानवशास्त्रज्ञ, ‘युगान्त’च्या लेखिका. एका व्यक्तीने नाव इतकं व्यापून टाकलं की, ते तिच्याआधी होतं का आणि कुठून आलं, हे कुणी फारसं विचारत नाही. मला मात्र ते विचारावंसं वाटतं, कारण आपल्याकडे एवढा लांबचा प्रवास करून आलेली नावं थोडीच आहेत.

‘इरा’ हा वैदिक शब्द आहे. पाणी, पेय, अन्नातला रस, थकल्याभागल्या जिवाला तरतरी देणारं जे काही असेल ते सगळं म्हणजे इरा. ही जिच्यापाशी भरपूर आहे ती इरावती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, ९९व्या सूक्तात वसिष्ठांच्या तोंडी शब्द आहेत : ‘इरावती धेनुमती हि भूतम्’. इथे इरावती ही कुणी मुलगी नव्हे आणि नदीही नव्हे. ही हाक आकाश आणि पृथ्वी अशा दोघींना मिळून घातलेली आहे. माणसासाठी अन्नपाण्याने भरलेल्या, गाईगुरांनी समृद्ध अशा व्हा, असं मागणं आहे. विष्णूने या दोघींना वेगवेगळं सावरून धरलं, असं वर्णन लगेच पुढे येतं. आपण मुलीला लक्ष्मी म्हणतो, अन्नपूर्णा म्हणतो. इरावतीत या दोन्ही नावांचा आशय आहे, आणि तो फार जुना आहे.

पुढे हे नाव नदीला मिळालं. पंजाबातली जी रावी, तिला वेदकाळात परुष्णी म्हणत. सुदास राजाचं दहा राजांशी झालेलं प्रसिद्ध युद्ध तिच्याच काठचं. वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणारे निरुक्तकार यास्क सांगून ठेवतात की इरावतीलाच परुष्णी म्हणतात. म्हणजे त्यांच्या काळी इरावती हे नाव चांगलं रुळलेलं असणार. लोकांच्या तोंडी घासत घासत इरावतीची रावी झाली. हिमाचलातून, चंब्यावरून ती खाली उतरते आणि लाहोरपाशी जाते. १९२९ सालच्या ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री याच नदीच्या काठी पूर्ण स्वराज्यासाठी तिरंगा फडकला. आपण रावीचा काठ म्हणतो तेव्हा तो इरावतीचाच काठ असतो.

दुसरी नदी ब्रह्मदेशातली. उत्तरेच्या डोंगरांतून निघून, मंडाले आणि बगानवरून, दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाहत ती अंदमानच्या समुद्राला मिळते. सारा ब्रह्मदेश तिच्या पाण्यावर आणि तिच्या गाळातल्या भातावर पोसला गेला. संस्कृत आणि पाली तिकडे गेल्या, त्यांच्याबरोबर हे नावही गेलं. त्याचा संबंध इंद्राच्या ऐरावताशी जोडतात, आणि ऐरावत हा शब्दही इरेच्याच घरातला. ज्यांनी पूर्वेच्या त्या मोठ्या नदीला हे नाव दिलं, त्यांना ते किती चपखल सुचलं! अन्नपाणी देणारी म्हणून तिच्याइतकी शोभणारी दुसरी इरावती नसेल.

याच नदीकाठच्या म्यिंजान नावाच्या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी गणेश हरी कर्मरकर यांच्या घरी मुलगी झाली. कर्मरकर तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. मुलीचं नाव त्यांनी नदीवरून ठेवलं. हीच पुढे इरावती कर्वे झाली. परमुलखात संसार मांडलेल्या घराने तिथल्या नदीचं नाव घ्यावं आणि ते मूळचं आपल्याकडचंच निघावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि काळ कसला होता पाहा. मंडालेचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून बोटीने याच इरावतीवरून खाली नेलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. कर्मरकरांची मुलगी जन्मली तेव्हा तो राजा कोकणात दिवस काढत होता. ती अडीच-तीन वर्षांची असताना रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात आले. ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिलं गेलं. त्या वेळी टिळक आणि ही चिमुरडी एकाच नदीच्या मुलखात होती. मुलगी सातेक वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागा शाळेत आली, आणि नाव तिच्याबरोबर इकडे आलं.

वाङ्मयातही एक इरावती आहे, आणि ती मला अतिशय आवडते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदिशेचा राजा अग्निमित्र याची ती धाकटी राणी. नाटकाची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या, त्यामुळे आपली सहानुभूती आपसूक तिच्याकडे जाते. पण तिसऱ्या अंकातली इरावती पाहावी. राजाबरोबर झोपाळ्यावर बसायचं ठरलेलं, म्हणून थोडी मदिरा घेऊन, पावलं सावरत ती बागेत येते. समोर अशोकाच्या झाडापाशी राजा मालविकेची मनधरणी करताना दिसतो. ती मुसमुसत बसत नाही. सरळ पुढे होते, राजाला खडसावते आणि कमरेची मेखला काढून त्याच्यावर उगारते. राजा पायांवर लोळण घेतो तरी ती वळत नाही. संस्कृत नाटकातली राणी इतकी रोखठोक रागावलेली फार थोड्या ठिकाणी दिसते.

या नावाला पुरुषी रूपही आहे : इरावान. अर्जुन आणि नागकन्या उलूपी यांचा हा मुलगा. महाभारत युद्धाच्या आठव्या दिवशी अलंबुष राक्षसाशी लढताना तो पडला. आपल्याकडे त्याची आठवण कुणी काढत नाही, पण तमिळनाडूत तो अरवान म्हणून देव झाला. कूवागम गावच्या जत्रेत दरवर्षी हजारो तृतीयपंथी त्याच्या नावाने मंगळसूत्र बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी वैधव्य घेऊन शोक करतात.

आता प्रश्न असा की एवढं सगळं असून हे नाव दुर्मीळ का राहिलं? आपल्याकडे नद्यांची नावं काय कमी आहेत? गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना, भागीरथी, सिंधू, नर्मदा. आमच्या आज्या-पणज्यांची नावं घेतली तर नकाशावरच्या निम्म्या नद्या होतात. खरं तर मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नवव्या श्लोकात स्पष्ट बजावलं आहे की नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं नाव असलेली मुलगी करू नये. महाराष्ट्राने हा नियम मनावर घेतलेला दिसत नाही. घरोघरी गोदा आणि कृष्णा नांदल्या. त्याबद्दल मला आपल्या पूर्वजांचं कौतुक वाटतं. पण ही नावं ठेवली गेली ती तीर्थ म्हणून, स्नानाचं पुण्य घरात यावं म्हणून. इरावतीला कुणी यात्रेला जात नव्हतं. रावी उत्तरेला दूर, ब्रह्मदेशची नदी त्याहून दूर. म्हणून नाव पोथीत राहिलं, पाळण्यापर्यंत पोचलं नाही.

नद्यांच्या नावांवरून कर्व्यांच्याच घरातली गोष्ट सांगते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली ज्या विधवेशी पुनर्विवाह केला, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी गोदूबाई. गोदू म्हणजे गोदावरी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे. लग्नात नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहायचं आणि माहेरचं नाव तिथेच सोडायचं, ही आपली रीत. त्याच बायांच्या मुलाशी, दिनकररावांशी, कर्मरकरांच्या इरावतीचं लग्न झालं. आडनाव बदललं, नाव राहिलं. सासूची गोदावरी मिटली, सुनेची इरावती टिकली. त्याच नावाने तिने बर्लिनची डॉक्टरेट मिळवली, त्याच नावाने लिहिलं, आणि १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्याच नावाने घेतला. घरात तिला इरू म्हणत, हेही सांगून ठेवते, कारण त्याचा पुढे उपयोग आहे.

कर्व्यांनंतर मराठीत हे नाव अधूनमधून ऐकू येत राहिलं. अभिनेत्री इरावती हर्षे, नाटककार इरावती कर्णिक ही आजची ठळक नावं. हिंदीत जयशंकर प्रसाद यांची शुंगकाळावरची अपुरी राहिलेली कादंबरी ‘इरावती’ याच नावाची. सध्या मात्र नवीन आईबाबांमध्ये चलती आहे ती ‘इरा’ची. दोन अक्षरं, म्हणायला सोपं, परदेशात अडणार नाही, हा हिशेब मला समजतो. तरीही माझं मत असं की दाखल्यावर अर्धं नाव लावू नये. इरा ही वस्तू झाली, इरावतीत ती बाळगणारी आणि देणारी आली. त्या ‘वती’त सगळा मोठेपणा आहे. शिवाय नाव लांब पडतं ही तक्रारही खरी नाही. घरात इरा म्हणा, इरू म्हणा, कर्व्यांनीही तेच केलं. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र करते, तेव्हा तिच्या ओठांवर पूर्ण नाव येऊ द्या. इ-रा-व-ती हे चारही उच्चार मोकळे आहेत, एकही जोडाक्षर नाही. बोबडी बोलणारी भावंडंसुद्धा ते दोन दिवसांत पेलतात.

ज्यांच्या मनात हे नाव भरलं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव भरता येतं, तेव्हा घाईत काहीतरी लिहून मोकळं होऊ नका. मराठीत पहिली इ ऱ्हस्व आणि शेवटची ती दीर्घ. पहिलं अक्षर दीर्घ लिहिण्याची चूक कार्यालयांत सर्रास होते, म्हणून दाखला हातात घेण्याआधी तिथेच वाचून पाहा. इंग्रजीत ‘व’साठी काहीजण व्ही लावतात, कर्वेबाई डब्ल्यू लावत. दोन्ही चालतं. पण जे ठरवाल तेच जन्मदाखल्यावर, तेच आधारवर आणि तेच शाळेच्या दाखल्यावर येऊ द्या.