हप्ता त्याचा, किराणा तिचा

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं लग्न ठरलंय किंवा नुकतंच झालंय. म्हणून आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे: दोघं कमावतात त्या घरात कुणाचा पगार कशावर खर्च होतो. स्वयंपाक कुणी करायचा यावर आता निदान वाद तरी होतात. पैशांच्या वाटणीवर होत नाहीत, कारण अशी काही वाटणी झालीये हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

वकिलीत माझ्यासमोर एक चित्र पुन्हा पुन्हा येतं. दोघंही नोकरदार, पुण्यात किंवा ठाण्यात टू बीएचके. फ्लॅटचा हप्ता त्याच्या खात्यातून जातो. तिच्या पगारातून किराणा, दूध, कामवाल्या मावशींचा पगार, मुलांची फी, सासूबाईंची औषधं, सणवार. महिन्याकाठी दोघांचे साधारण सारखेच पैसे जातात आणि दोघांनाही मनापासून वाटतं की आपलं सगळं निम्मं-निम्मं आहे. पंधरा वर्षांनी त्याच्याकडे फ्लॅट असतो. तिच्याकडे किराण्याची बिलंही नसतात. नवरा लबाड असतो असं मी म्हणत नाही. मोठे व्यवहार पुरुषानं बघायचे आणि घरातलं बाईनं, ही आजोबांच्या काळची रीत बाईच्या हाती पगार आल्यावरही मुकाट्यानं चालू राहिली.

आता कायदा काय म्हणतो? हिंदू विवाह कायद्यात, संसारात जमवलेली मालमत्ता घटस्फोटाच्या वेळी निम्मी करून देण्याची तरतूद नाही. पोटगी मागता येते. छळ झाला असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. मालकी सांगायची तर आपण घरात पैसे घातले हे तिला पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि दुधाच्या पैशांनी घर घेतलं हे कोर्टात सिद्ध कसं करणार? त्यातून काही जणी कर्जाच्या कागदावर सहकर्जदार असतात, पण खरेदीखतावर त्यांचं नाव नसतं. म्हणजे कर्ज फेडायची जबाबदारी आहे, घर मात्र नाही. मैत्रिणींनो, हे आधी तपासा.

आपल्या शेजारी गोव्यात मात्र वेगळं आहे. तिथे १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा आजही लग्नसंबंधांचा आधार आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि एकाच्या सहीनं घर विकता येत नाही. हा कायदा निर्दोष नाही. त्यानं कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवला होता. तरीही तिथल्या बाईला निम्म्या हक्कासाठी बिलं जपून ठेवावी लागत नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं.

घरकामाबद्दलही बोलायला हवं. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७. जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या भरपाईचा निकाल देताना याच पाहणीचा दाखला दिला आणि गृहिणीच्या कामाचं पैशात मोल धरायलाच हवं असं सांगितलं. निकाल चांगलाच आहे. पण ती बाई अपघातात गेली होती. जिवंत बाईच्या त्या पाच तासांचा हिशेब घर घेताना कुणी धरत नाही, याचा मला राग येतो.

हे सगळं शहरी फॅड आहे असं कुणाला वाटत असेल, तर नाशिक जिल्ह्यातलं चांदवड आठवा. नोव्हेंबर १९८६मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन तिथे झालं. खेड्यापाड्यांतून बायका मोठ्या संख्येनं आल्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीनं बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. कोर्टाची सक्ती नव्हती, घटस्फोटाचं भांडणही नव्हतं. जिनं त्या रानात आयुष्यभर निंदणी-खुरपणी केली तिचं नाव सातबाऱ्यावर यावं, एवढंच. धोतर-टोपीतल्या माणसांनी ते केलं. मग आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुलांना काय अवघड आहे?

‘लग्नाच्या आधीच घटस्फोटाचा विचार कशाला?’ असं मला दर वेळी विचारतात, बहुतेक वेळा मुलीचे वडीलच. माझं उत्तर असं की विधवा झालेल्या बायकाही माझ्याकडे येतात. नवरा प्रेमळ होता, पण फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावे होता आणि आता दीर, सासू, सोसायटी, वारसदाखला, सगळ्यांच्या दारात तिला उभं राहावं लागतंय. ‘मला नॉमिनी केलंय ना!’ असं ती म्हणते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांसाठी सांभाळणारा, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, बाहेर काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते दोघांनी मिळून वाचा. घर घ्यायचं असेल तर हप्ता आणि किराणा दोन्ही संयुक्त खात्यातून जाऊ द्या. घर आधीच एकाच्या नावे असेल, तर महाराष्ट्रात नवरा-बायकोमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर (गिफ्ट डीडवर) मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळे. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी परवानगी घ्या. आता तुमचे प्रश्न घेते.