उरेब रेशीम

जुन्या काळातील पोशाखांची चित्रे पाहताना नजर झग्याच्या घेरावर आणि बाह्यांवर खिळते. पण त्या झग्याला आकार देणारे वस्त्र आत असते, आणि ते सहसा कोणी जपून ठेवत नाही. अंतर्वस्त्रे विरेपर्यंत वापरली जात आणि मग त्यांच्या चिंध्या होत. म्हणूनच ऑस्ट्रियातील लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली १५व्या शतकातील लिननची स्तनवस्त्रे सापडली, तेव्हा अभ्यासकही चकित झाले.

अशी वस्त्रे आज पुन्हा हाताने घडवणाऱ्यांना १९३०च्या दशकातील रेशमी स्लिपची, म्हणजे झग्याच्या आत घालायच्या सैलसर वस्त्राची, विशेष ओढ असते, आणि त्याचे कारण तिच्या बेतण्यात आहे. कापड सरळ धाग्यावर न बेतता ४५ अंशांत, म्हणजे उरेब बेतले, की एरवी जराही न ताणले जाणारे रेशीम अंगासरशी वळते. त्यामुळे या स्लिपला हूक लागत नाहीत, ती सरळ डोक्यावरून घालता येते. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी ही पद्धत कळसाला नेली. छोट्या लाकडी बाहुलीवर कापड लपेटून त्या नमुने घडवीत.

आता अशी स्लिप शिवणारे हात पाहा. सॅटिन टेबलावरून सारखे निसटते, म्हणून ते पातळ कागदावर टाचून कागदासकट कापले जाते. शिवताना कापड किंचित ताणून धरावे लागते, नाहीतर पुढे ते अंगावर सैलावले की टाका तुटतो. शिवण दोनदा घातली जाते, आधी सुलटीकडून आणि मग उलटवून आतून, म्हणजे कापडाच्या कडा तिच्या पोटात बंद होतात आणि त्वचेला काही टोचत नाही. लेस मात्र हातानेच लावावी, असे आमचे ठाम मत आहे: तिच्या फुलापानांच्या कडेने बारीक टाके घालून मागचे रेशीम कातरले, की जोड कुठे आहे ते शोधावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात रेशीम पॅराशूटकडे वळले आणि ब्रिटनमध्ये १९४१पासून कपडे कूपनवर मिळू लागले. मिळालेल्या पॅराशूटच्या निमुळत्या पट्ट्या उसवून बायकांनी त्यांतून अंतर्वस्त्रे शिवली. प्रत्येक पट्टी अरुंद असल्याने बेतताना चांगलाच कस लागे.

इकडे आपली स्लिप अजून पुरी झालेली नाही. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली ओघळते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही, म्हणून ती रात्रभर टांगून ठेवली आहे. सकाळी जमिनीपासून घेर मोजून खडूची खूण होईल, जादा कापड कातरले जाईल, आणि मग बोटांत कड वळवत हातशिलाईला सुरुवात होईल.