आज्जीची मोरी

नमस्कार श्रोतेहो. रस्ता बांधताना शिवाराचं, झाडांचं आणि माणसांचं नुकसान कसं आवरायचं, यावर मला बोलायला सांगितलंय. वेळ थोडा आहे आणि त्यातला अर्धा मी माझ्या आज्जीवर घालवणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बेळगाव-खानापूर रस्ता रुंद होताना दुतर्फाची झाडं गेली, ती आपण सगळ्यांनी पाहिली. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, कारण जमीन पिकाऊ होती. त्या मोठ्या रस्त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. माझा रस्ता लहान आहे.

खानापूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी रस्त्याचं काम निघालं. रुंदी वाढणार, भराव घालून उंचीही वाढणार. महिना एप्रिल, शिवारात नुसती ढेकळं. एक तरुण इंजिनियर तिवईवर यंत्र लावून बघत होता. पोरगा विजापूरकडचा, मराठीचा गंध नाही. आज्जी शेणाची पाटी रिकामी करून परत येत होती. थांबली.

"काय बघूलास रे बाळा?"

तो नुसता हसला. मग आज्जीनं तिच्या मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, "इल्ली नीर बरतैति." इथं पाणी येतं. त्यानं बघितलं. ना ओढा, ना ओघळ. नकाशातही काही नाही. त्याच्या यंत्रात सखल भाग दिसत होता तो पलीकडे, वीसेक पावलांवर, आणि पाणी रस्त्याखालून जायची मोरीही तिथंच धरलेली. त्यानं मान हलवली. ही मान हलवणं आपल्याला ठाऊक आहे. कचेरीत सगळे तशीच हलवतात.

आज्जी घरी गेली, जुन्या लाल लुगड्याची पट्टी फाडून आणली आणि कडेच्या जांभळीला आपल्या कंबरेइतक्या उंचीवर बांधली. पाणी इथवर चढतं, एवढंच. मग त्याला तांब्याभर ताक दिलं. पोरगं ते प्यालं, पट्टीचा फोटो काढला आणि गेलं. पुढं जांभळ तोडली, तिच्याबरोबर पट्टीही गेली.

(जांभळीवरून आठवलं. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रस्त्याकडेला गुलमोहर कोण लावतं? चार पावसाळे झाले की फांद्या अंगावर. चिंच लावा, जांभूळ लावा, वड लावा. आपले आजे काय वेडे होते?)

तर जुलै आला. तरणा पाऊस लागला. रोप लावून चार दिवस झाले होते. वरच्या अंगाचं पाणी खाली उतरलं आणि नव्या भरावाला येऊन तटलं. रस्त्याच्या एका बाजूला कंबरभर, दुसऱ्या बाजूला घोटाभर. वीस पावलांवरच्या मोरीतून थोडं जात होतं, बाकीचं आमच्या शेतात मुक्कामाला. रोप कुजलं. पुन्हा लावलं, तेही कुजलं. मामा ठेकेदाराच्या माणसांकडे गेला, तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे कुणी लिहून दिलेलं नाही." खोटं नव्हतं ते. फायलीत सगळं होतं, आज्जीची पट्टी नव्हती.

मग एक दिवस तो इंजिनियर स्वतः आला, छत्री उलटी झालेली. पँट न दुमडता पाण्यात उतरला. पाणी बरोबर कंबरेला. आज्जी बांधावरून म्हणाली, "आलं की न्हाई?" एवढं मराठी त्याला तोवर कळायला लागलं होतं. त्यानं ओसरीवर बसून तिच्या नावानं कानडीत अर्ज लिहिला, सोबत नकाशा काढला, तिचा अंगठा घेतला आणि पोच आणून दिली. पुढच्या उन्हाळ्यात भराव फोडून तिथं दोन पाइप टाकले. गाव त्याला आज्जीची मोरी म्हणतं.

आता कामाचं, थोडक्यात. तोंडी सांगू नका, लिहून द्या. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५६ च्या कायद्याखाली गॅझेटात अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना गॅझेटात छापून आल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यायची, लेखी आणि कारणांसकट. एकवीस दिवस, श्रोतेहो. नोटीस आपल्याकडे बहुधा कानडीत असते, आणि कानडी फडाफडा बोलणारे पण वाचता न येणारे आपल्यात कितीतरी. भाषेचं भांडण भांडायचं तेव्हा भांडा. अक्षरं मात्र शिका. मी पन्नाशीत शिकलो.

मोठ्या महामार्गाला पर्यावरण मंजुरी लागत असेल तर जनसुनावणी होते, तिला निदान ३० दिवसांची नोटीस हवी. तिथंही तेच, लिहून द्या. पाणी कुठून येतं, कुठं जातं, गुरं कुठून ओलांडतात, विहीर रस्त्यापासून किती पावलांवर. शेताची वरची माती काढायची तर १५ सेंटिमीटरपर्यंतची ती माती वेगळी ढीग करून ठेवायची आणि नंतर उतारावर पसरायची, असं महामार्गाच्या कामाच्या नियमांतच आहे. टिप्परात भरून गेली तर विचारा कुठं गेली. धुळीवर टँकरनं पाणी मारायचं असतं, साहेब येणार त्या दिवशीच नव्हे.

आज्जी आता नाही. गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो, तर मोरीचा एक पाइप गच्च तुंबलेला. मामेभाऊ आणि मी अर्धा दिवस फावडं मारलं. चिप्सच्या पुड्या निघाल्या, गुटख्याच्या निघाल्या, खताचं एक अख्खं पोतं निघालं, आणि सगळ्यात शेवटी डाव्या पायाची एक चप्पल. उजवी दुसऱ्या पाइपात असणार, असं मामेभाऊ म्हणाला, पण तोवर जेवायला हाक आली. नमस्कार.