‘ये’ आणि ‘जा’ : चेतातंतूंची वाट ठरवणारी प्रथिने

गर्भात मज्जासंस्था घडत असताना चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे तिचा संदेश वाहून नेणारा लांब धागा, पेशीच्या आकाराच्या कित्येक पट अंतर कापतो आणि नेमक्या जागी पोहोचतो. त्याच्या टोकाशी बोटे पसरलेल्या पंजासारखा एक भाग असतो. १८९० मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी तो कोंबडीच्या गर्भात पाहिला आणि त्याला वर्धनशंकू म्हटले. त्यांच्यासमोर होते ते रंगवलेले, निर्जीव छेद. तरीही हे टोक रासायनिक खुणांचा माग काढत असावे, असा तर्क त्यांनी पुढे मांडला. तशी ठोस खूण हाती यायला मात्र शंभर वर्षे जावी लागली.

१९९४ मध्ये चेताशास्त्रज्ञ मार्क टेसिए-लाविन्य यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या सुमारे २५,००० गर्भांच्या मेंदूंमधून दोन प्रथिने वेगळी केली आणि त्यांना ‘नेट्रिन’ हे नाव दिले. ते संस्कृतातल्या ‘नेतृ’ या शब्दावरून घेतलेले आहे, म्हणजे आपल्या ‘नेता’चेच भावंड. नाव सुरेख असले तरी मला ते थोडे फसवे वाटते, कारण ‘ये’ की ‘जा’ हे एकटे नेट्रिन ठरवत नाही. वर्धनशंकूच्या पृष्ठभागावर केवळ डीसीसी हा ग्राही (बाहेरचा रेणू पकडून पेशीला निरोप देणारे प्रथिन) असेल, तर नेट्रिनमुळे डीसीसीचे रेणू एकत्र येतात, त्या बाजूला अ‍ॅक्टिन या पेशीला हालचाल देणाऱ्या प्रथिनाचे धागे जुळू लागतात आणि तंतू तिकडे वळतो. पण तिथेच अन्-फाइव्ह हा दुसरा ग्राही असेल, तर नेट्रिन बांधले गेल्यावर या दोघांची पेशीच्या आतली टोके परस्परांना जोडली जातात आणि त्याच नेट्रिनपासून तंतू दूर सरतो.

खरी गंमत शरीराचे डावे-उजवे भाग करणाऱ्या मध्यरेषेवर घडते. तिथल्या पेशीही नेट्रिन सोडतात. शरीराच्या एका बाजूचे कितीतरी तंतू ही रेषा ओलांडून पलीकडे जातात आणि पुन्हा परतत नाहीत. जी रेषा आधी ओढून घेते, तीच नंतर दूर का लोटते? फळमाशीत याचे उत्तर मिळाले. मध्यरेषेवरच्या पेशी ‘स्लिट’ नावाचे, तंतूला दूर लोटणारे प्रथिन सोडतात आणि त्याचा ग्राही आहे ‘रोबो’. (हे नाव यंत्रमानवाचे नव्हे, ते इंग्रजीतल्या ‘राउंडअबाउट’चे लघुरूप आहे, कारण रोबो नसलेल्या माशीत तंतू रेषेवर पुन्हापुन्हा ये-जा करत गोल फिरतात.) तंतू ओलांडण्याच्या बेतात असतो तेव्हा ‘कॉम’ हे प्रथिन नव्याने बनलेल्या रोबोला वाटेतच अडवते आणि पृष्ठभागावर पोहोचू न देता पेशीतल्या विघटनाच्या कप्प्याकडे वळवते. रेषा पार होताच कॉम ओसरते, रोबो वर येतो आणि परतीची वाट बंद होते. कॉमच नसेल, तर एकही तंतू पलीकडे जात नाही. बेडकाच्या चेतापेशींवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : स्लिटला बांधलेला रोबो आतून डीसीसीला धरतो आणि नेट्रिनची ओढच बंद पाडतो.

मध्यरेषेवरून दूरवर पसरणारे नेट्रिन तंतूला बोलावते, हे पाठ्यपुस्तकी चित्र २०१७ मधील उंदरांवरच्या अभ्यासांनी बरेच बदलले. तंतूच्या वाटेलगतच्या पेशींनी जागोजागी सोडलेले नेट्रिन तिथे अधिक महत्त्वाचे ठरते. डीसीसी आणि रोबो यांच्या कामाचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी झालेले नाही.

माणसात डीसीसीच्या जनुकाची एक प्रत सदोष असली, तर काही जणांमध्ये मेंदूकडून निघालेली आज्ञा दोन्ही बाजूंना पोहोचते. उजव्या हाताने सदऱ्याचे बटण लावताना डाव्या हाताची बोटेही, समोर काहीच नसताना, तशीच हलत राहतात.