ओम्नीतला पलंग

विक्रोळीतली जुनी सोसायटी, स्कूटरच्या रांगेशेजारी ही पांढरी ओम्नी उभी असते. येणारा-जाणारा विचारतो, काका स्कूलव्हॅन का, आमच्या पोराला घ्याल का? काका म्हणतात, अहो यात आम्ही झोपतो. समोरचा एकदम गप्प.

ओम्नी आपल्याकडे 1984 ला आली, तेव्हा नाव नुसतं मारुती व्हॅन, 796 सीसी, तीन सिलिंडर. 2019 ला बंद. मधली पस्तीस वर्षं शाळेची पोरं, पेशंट, कांद्याची पोती आणि पिक्चरमधली किडनॅपिंग, सगळं हिनेच ओढलं. मूळ गाडी जपानची सुझुकी कॅरी, आणि गंमत बघा, याच कॅरीच्या घराण्यावर इंग्लंडमध्ये 1980 च्या दशकात बॅम्बी नावाची दोघांपुरती कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली फिरायची गाडी, बनायची. म्हणजे काका काही जगावेगळं करत नाहीयेत.

आत या, डोकं सांभाळा. लांबी जेमतेम 11 फूट, रुंदी साडेचारच्या आसपास. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे घाट चढला की बूड शेकतं, पण नाकाडात जागा वाया जात नाही. मागची सीट पाडायची, तिच्यावर प्लायच्या तीन फळ्या उलगडायच्या, मधे लांब पियानो हिंज, म्हणजे फळीभर लांबीची सलग बिजागरी, झाला पलंग. एका फळीखाली खोकं, त्यात शेगडी, चहाचं पातेलं, छत्री. काका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात जणांत वाढलेत, त्यांना कुणी इंटेरियर शिकवायची गरजच नव्हती. पडदे काकूंच्या जुन्या साडीचे, बांधणीची आहे ती.

सीट मात्र उपटलेली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे ना, आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करायचा नाही, म्हणून सगळं सुटं, सोमवारी सकाळी फळ्या माळ्यावर. मला तर इन्स्टावरच्या लाकडी भिंतीवाल्या व्हॅनपेक्षा हेच पटलं, वजन कमी, बिचारं 796 सीसी धापा टाकत नाही.

शेगडी कायम बाहेर, बंद गाडीत पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड, वासही येत नाही त्याला. माळशेजला पाऊस लागला तेव्हा दोघं मागचं दार वर करून त्याच्याच आडोशाला चहा करत बसले होते.

काका तिरके झोपतात, उंची आहे ना. काकू सरळ.

"सरळ कुठली," काकू म्हणतात, "उरलेल्या कोपऱ्यात!"